मागणी नसलेलं इंजिन

पत्र आलं होतं आणि ते आधीच फोडलेलं होतं. शाळेतून येऊन इंदिरानं छत्री कोपऱ्यात टेकवली, चपला काढल्या आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला, तेव्हा तिला आधी दिसली ती पाकिटाची निळी कड, भाजी चिरायच्या सुरीनं सरळ कापलेली. त्यावर विलायतेच्या राणीचं तिकीट. पाकीट टेबलावर होतं, म्हणजे त्या टेबलावर, जिथं एरवी कुणी रुमालसुद्धा ठेवत नसे. दोन दारं शेजारी शेजारी आडवी टाकावीत एवढं ते टेबल. त्यावर रूळ, बोगदा, लाकडाच्या भुशाचे आणि सरसाचे हिरवे डोंगर, एक स्टेशन, तीन इंजिनं. हिंगणघाटच्या गिरणीतला गोरा मॅनेजर अठ्ठेचाळीस साली देश सोडून गेला, तेव्हा हे सगळं खेळणं तो आपल्या हेडक्लार्कला देऊन गेला होता. त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. हेडक्लार्क म्हणजे प्रभाकरराव, इंदिराचा नवरा. ते खुर्चीत बसले होते. शेजारी गिरणीच्या कोठारातले बंडोपंत चहा बशीत ओतून पीत होते.

"ये, बस," प्रभाकरराव म्हणाले. आवाज ऑफिसातला होता, इस्त्री केलेला. "तुझ्या नावानं विलायतेहून पत्र आलंय. बंडोपंतांना म्हटलं, थांबा थोडं, आमची मंडळी येऊन वाचून दाखवेल."

ती बसली नाही. कागद तिनं उचलला तेव्हा बोटांना खडूची भुकटी होती, ती कागदाला लागली आणि तिला उगाचच वाईट वाटलं. चार महिन्यांपूर्वी शाळेच्या पत्त्यावरून तिनं ही खेळण्यातली इंजिनं करणाऱ्या कंपनीला लिहिलं होतं, उत्तरही तिथंच मागवलं होतं. पण पोस्टमन ओळखीचा, त्यानं उपकार म्हणून घरी आणून दिलं असणार.

"वाच. आणि मराठीत सांग."

तिनं वाचलं. "प्रिय महाशय..."

"महाशय!" बंडोपंतांना ठसका लागला. "वहिनी, तुमी तं महाशय झाल्या ना बाप्पा!"

ती पुढं सांगत गेली. वर्गात फळ्यावरचं सांगावं तशी, सपाट आवाजात. मुंबईच्या घाटात चालणाऱ्या विजेच्या इंजिनाचं छोटं रूप आमच्या यादीत असावं ही आपली इच्छा समजली. खेदानं कळवतो की विजेची इंजिनं आमच्या यादीत फारशी कधी नव्हतीच. एक होतं, तेही उठाव नाही म्हणून बंद केलं. गिऱ्हाइकाला इंजिन म्हटलं की धुराडं लागतं. तरी आपण पाठवलेलं चित्र इतकं नेमकं आहे की ते आम्ही आमच्या आराखड्यांच्या खोलीत भिंतीवर लावलं आहे. इथली माणसं येता-जाता त्यापुढं थांबतात.

शेवटचं वाक्य वाचताना तिचा आवाज बदलला असावा. तिला स्वतःला कळलं नाही, पण प्रभाकररावांनी मान वर केली. त्यांनी पत्र आधीच वाचलेलं होतं. ते पत्र ऐकत नव्हते, तिला ऐकत होते.

बंडोपंत उठले, हसत हसत जोडे घालून गेले. प्रभाकररावांनी दाराला कडी लावली. कडीच्या आवाजाबरोबर ऑफिसातली भाषा गेली आणि रोहण्याची, त्यांच्या गावची भाषा आली. नेहमी अशीच यायची. बारा बैलांच्या शेतातून मॅट्रिक होऊन, साहेबाच्या टेबलाशी उभं राहून कमावलेली ती दुसरी भाषा रागाच्या पहिल्या फटक्यालाच गळून पडे.

"कोणाले इचारून लिहिलं?"

तिनं पत्राची घडी घातली.

"कोणाले इचारून, म्हणतो मी! परक्या माणसाइच्या भिंतीवर माह्या बायकोचं चित्र?"

"माझं नाही. इंजिनाचं."

तिच्या पिशवीतून फळ्यावर रेघा मारायची दोन फुटी लाकडी पट्टी बाहेर डोकावत होती. तीच त्यांनी ओढून घेतली. पहिला फटका मनगटावर बसला, दुसरा खांद्यावर, तिसरा कानाच्या मागं. चौथ्याला पट्टी मोडली. मग हात. मग, ती खाली बसल्यावर, पाय. हे सगळं व्हायला फार वेळ लागत नाही. माणसं समजतात त्याहून पुष्कळ कमी वेळ लागतो. तिला सवय होती ती शरीराची नव्हे, शरीराची सवय कधी होत नाही. सवय होती ती मनानं दुसरीकडं जाऊन बसण्याची. मनाला जायला एकच जागा होती, आणि तिथं जायचा रस्ता नेहमी इगतपुरीच्या शेडमधून निघायचा. बापूजी, तिचे वडील, मूळचे आर्वीकडचे; रेल्वेत लागले आणि घाटात जाऊन राहिले. ते विजेचं मालगाडीचं इंजिन चालवायचे. लोक त्याला खेकडा म्हणत. पुढं एक लांब नाक, मागं एक लांब नाक, मध्ये माणसांची खोली, डोक्यावर तार धरणारे दोन पिंजरे. आणि वळणावर ते दोन ठिकाणी वाकायचं, जनावरासारखं. उभं असतानासुद्धा आतून विव्हळायचं. आईला तो आवाज सोसत नसे. इंदिराला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. अकरा वर्षांची असताना बापूजींनी एकदा तिला, नियम मोडून, कसाऱ्यापर्यंत खाली नेलं. "भिऊ नको. हात लावून पाहाजो," ते म्हणाले, आणि तिचा हात त्यांनी पितळी मुठीवर ठेवला, वर आपला. गाडी उताराला लागली. मागं भरलेल्या वाघिणींचं, मालाच्या डब्यांचं, सगळं ओझं पाठीत येऊन बसलं. बापूजी म्हणाले, आता आपण वीज खात नाही, परत देतो. खालून चढणाऱ्या गाडीला ती जाते. तिला हे इतकं आवडलं की ती मोठ्यानं हसली. हसत असतानाच समोर, वळणावर, रुळात एक माणूस दिसला. रुळांची देखरेख करणारा गँगमन. शेजारच्या रुळावरून वर चढणारी गाडी धडधडत जात होती, तिच्या आवाजात त्याला हे ऐकूच आलं नाही. बापूजींनी मूठ खेचली, तिच्या हातासकट. पण ओझं ओझं असतं.

ते तिनं पाहिलं. सगळं. खालची खडी पाहिली, एक पायताण पाहिलं, बापूजी पाण्याची बादली घेऊन खाली उतरले तेही पाहिलं. पुढं कित्येक वर्षं तिला वाटत आलं की या आठवणीनं आपण ओरडून उठायला हवं होतं, इंजिनाचा तिरस्कार करायला हवा होता. झालं उलटंच. ती त्या इंजिनाला जास्तच धरून राहिली. एवढं मोठं काही झालं आणि त्यानं साधा धूरसुद्धा सोडला नाही. ते उभं होतं आणि विव्हळत होतं. बापूजींच्या हाताखाली तिचा हात होता, म्हणजे थोडं तिनंही केलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन इकडं आली, शेचाळीस साली, तर इकडं सगळीकडं कोळसा. वर्ध्याला कोळसा, बल्लारशाच्या गाडीला कोळसा, वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी. आणि घरात साहेबाचं खेळणं आलं त्यातही तिन्ही इंजिनं धुराड्याची. गंमत अशी की ती चालायची विजेवर. गिरणीच्या पॉवरहाऊसची वीज टेबलाशेजारच्या बटणाच्या डब्यातून रुळात यायची, रुळातून इंजिनाच्या पोटात. आतून विजेची, बाहेरून कोळशाची. धुराडं खोटं, आतली आग म्हणजे लाल कागद. तिनं एकदा, पहिल्या वर्षी, सहज म्हटलं होतं, "मग विजेचंच का नाही करत? खोटं तरी वाटणार नाही." प्रभाकरराव बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले होते. साहेबाच्या वस्तूत खोट काढणारी ही कोण, असं ते बघणं होतं. कंपनीची यादी दर वर्षी साहेबाच्या नावानं गिरणीत येत राहिली, ती प्रभाकरराव घरी आणत, आणि ते बाहेर गेले की ती चाळे. पानामागून पान. हिरवी, काळी, तांबडी, सगळ्यांना धुराडं. शेवटच्या पानावर कोपऱ्यात एक स्विस विजेचं इंजिन एक वर्ष दिसलं, पुढच्या वर्षी गेलं. त्या कोपऱ्यात पुन्हा काहीतरी यावं, तिच्या घाटातलं यावं, एवढंच तिला हवं होतं. माणसाला याहून मोठ्या गोष्टी हव्याशा वाटायला पाहिजेत हे तिला कळत होतं. मूल हवंसं वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात प्रभाकररावांची लाथ पोटात बसली आणि ते संपलं. त्याच आठवड्यातल्या रविवारी बंडोपंत गाड्या बघायला आले होते आणि चहा तिनंच केला होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी प्रभाकररावांनी तिची चित्रांची वही शोधून काढली. ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. वहीत दुसरं काही नव्हतंच. तेच इंजिन, बाजूनं, समोरून, वळणावर वाकलेलं, पिंजरे उतरवलेलं, फक्त मूठ, फक्त चाक. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वही घेऊन ते न्हाणीत गेले, बंबासमोर पाटावर बसले आणि एक एक पान फाडून आत सारत राहिले. ती दारात उभी होती. मनगट सुजून टम्म फुगलं होतं. जाड कागद चांगला जळत होता. पाणी तापलं तसं त्यांनी बादलीत काढलं आणि त्या पाण्यानं आंघोळ केली, मोठ्यानं स्तोत्र म्हणत. इंदिराला तेव्हा एक गोष्ट स्वच्छ दिसली. घाटातल्या त्या खडीवर, इंजिनाच्या चाकांच्या मध्ये, तिला प्रभाकररावांचं पायताण दिसलं. ती घाबरली, भिंतीला टेकली. मग तिनं डोळे मिटून ते पुन्हा पाहिलं, मुद्दाम.

शनिवारी भांडी घासायला आलेल्या देवकाबाईनं तिचं मनगट धरून वळवून पाहिलं. देवकाबाई वेणा नदीच्या काठच्या झोपड्यांतली, साठीची, एक शब्द कमी बोलायचा हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काऊन सहन करून राह्यल्या बाई तुमी? शिकेल-सवरेल, पगारवाल्या."

"मग काय करू?"

"माह्या नवऱ्यानं एकडाव हात उचलला. मी मुसळ उचललं. मंग नाई उचलला त्यानं."

"आता कुठं असतो?"

"मेला." राखेचा हात परातीवर फिरवत देवकाबाई म्हणाली. "तापानं मेला वो. मुसळानं नाई." आणि स्वतःच हसली. इंदिराही हसली, आणि हसताना कानामागं कळ गेली. देवकाबाई गेल्यावर ती पुष्कळ वेळ स्वयंपाकघरात उभी होती. ती शिक्षिका होती. मुलींना ती आंब्याचं पान काढायला शिकवायची, छाया कुठून पडते ते दाखवायची. कुणाला मारावं असं तिला कधी वाटलं नव्हतं, असं ती समजत आली होती. आता आठवून पाहिलं तर तसं नव्हतं. रोज वाटत होतं. वाटून वाटून त्याचा आवाजच येईनासा झाला होता, एवढंच.

रविवारी पाच वाजता मंडळी आली. बंडोपंत, गिरणीतले आणखी दोन कारकून, त्यांच्या बायका. खुर्च्या टेबलाभोवती मांडल्या होत्या. बाहेर ऊन उतरत होतं, खिडकीतून तिरपा पट्टा आत येऊन हिरव्या डोंगरांवर पडला होता. प्रभाकररावांनी कोट घातला होता. ते डब्याचं बटण फिरवत, बोटानं दाखवत, साहेबानं सांगितलेलं सगळं त्याच क्रमानं सांगत होते: ही मेल, ही माल, हा सिग्नल. हिरवं मोठं इंजिन चार डबे घेऊन बोगद्यात शिरे आणि दुसरीकडून निघे, आणि दर वेळी बायका नव्यानं "अगं बाई" म्हणत. इंदिरा टेबलाच्या त्या बाजूला, रुळाचे सांधे बदलायला उभी होती. पदर मनगटावर ओढून घेतलेला. बंडोपंतांनी आल्यापासून तिच्याकडं पाहिलं नव्हतं, पण आता पाहिलं.

"वहिनी, तुमचं इंजिन कदी येते मंग?"

"हां!" प्रभाकरराव म्हणाले. ते वाटच बघत असावेत. "महाशयांचं इंजिन! सांगायचं राहिलंच. विलायतेत भिंतीवर टांगलंय. अहो, मागणीच नाही त्याला. कंपनी म्हणते, कोण घेणार? धूर नाही, पोटात आग नाही." ते थांबले. सगळ्यांकडं पाहिलं. "पोटच नाही म्हणा ना! धूर नाही, धग नाही, पिल्लू नाही. नुसतं उभ्या उभ्या विव्हळणार!"

पुरुष हसले. एक बाई हसता हसता थांबली आणि पायाकडं बघू लागली.

इंदिरानं वाकून समोरून येणारं हिरवं इंजिन रुळावरून उचललं. डबे मागं घसरून पडले. ओतीव लोखंडाचं, चांगलं दीड शेर वजनाचं. सात वर्षांत तिनं ते कधी हातात घेतलं नव्हतं आणि त्याच्या वजनाचं तिला नवल वाटलं. ती टेबलाला वळसा घालून आली. घाई केली नाही. तोंडातून शब्द काढला नाही. प्रभाकरराव अजून हसणाऱ्यांकडं वळलेले होते; ती शेजारी आली आहे हे त्यांना कळलं तेव्हा तिचा हात वर गेला होता. पहिला घाव डोळ्याच्या खोबणीवर बसला. हाड फुटल्याचा आवाज झाला, सुपारी फुटते तसा, लहानसा. ते खुर्चीसकट मागं गेले नाहीत, पुढं आले, टेबलावर, हिरव्या डोंगरांवर. दुसरा घाव गालावर. तिसरा त्यांनी आडव्या धरलेल्या हातावर. चौथा कुठं बसला ते तिला कळलं नाही. भुसा उडत होता. तिच्या सुजल्या मनगटातून वीज निघाल्यासारखी कळ खांद्यापर्यंत जात होती आणि तिला ती हवी होती, अजून हवी होती. हे थांबावं असं तिला वाटत नव्हतं. थांबवणारं तिच्या आत कुणी नव्हतं. मागचं सगळं ओझं पाठीत येऊन बसलं होतं.

"धरा! धरा तिले!" बंडोपंत ओरडत होते, भिंतीला पाठ लावून. कुणी हललं नाही. सगळ्यांच्या हातांत कप होते.

ती थांबली ती दम लागला म्हणून. मग तिनं एक गोष्ट केली, जी पुढं हिंगणघाटात सगळ्यात जास्त सांगितली गेली: इंजिन तिनं परत रुळावर ठेवलं, चाकं नीट बसवून. डब्याचं बटण चालूच होतं. वाकलेलं धुराडं आणि रक्तानं भरलेलं नाक घेऊन ते निघालं, लंगडत, खटक खटक करत, प्रभाकररावांच्या कोटाच्या बाहीपर्यंत गेलं आणि तिथं अडून चाकं फिरवत राहिलं. एक बाई ओकली. इंदिरानं बटण बंद केलं, आतून धुतलेला टॉवेल आणला, त्याची घडी केली आणि नवऱ्याच्या डोळ्यावर दाबून धरली. "टांगा आणा," ती बंडोपंतांना म्हणाली. ते पळाले.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, गाल बांधला. डोळा राहणार नाही, उद्या वर्ध्याला न्यावं लागेल, असं ते हलक्या आवाजात तिला म्हणाले. मग त्यांनी नोंदवही पुढं ओढली. खोलीत ते तिघंच होते. बाकीचे बाहेर व्हरांड्यात, एकमेकांशी कुजबुजत.

"काय लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडलो," पट्ट्यांच्या आतून प्रभाकरराव म्हणाले. जबडा हलत नव्हता. "टेबलाचा कोपरा."

डॉक्टरांनी टाक बुडवला.

"मी मारलं," इंदिरा म्हणाली. "लोखंडी इंजिनानं. चार वेळा."

टाक हवेत थांबला. डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मनगटाकडं, मग कानामागच्या निळ्या डागाकडं. "बाई," ते सावकाश म्हणाले, "हे मी लिहिलं तर पोलीस येतील. तुमची नोकरी जाईल. ते पडलो म्हणताहेत, तर..."

"लिहू नका," प्रभाकरराव म्हणाले. "डॉक्टर, माह्या घरची गोष्ट हाय." आवाजात राग नव्हता. विनवणी होती. नऊ वर्षांत तिनं त्यांच्या आवाजात ती कधी ऐकली नव्हती, आणि ऐकल्यावर काय वाटेल याची जी कल्पना तिनं कधीकाळी केली होती, तसलं काही तिला वाटलं नाही. तिला पेंग येत होती. सगळं संपलं, असं कुणीतरी म्हणावं आणि आपण घरी जाऊन आमटीला फोडणी द्यावी, इतकं ते सोपं होतं. लोक विसरतील. एक डोळा गेलेला माणूस पुन्हा हात उचलणार नाही. कदाचित नाही.

तेवढ्यात पलंगावरून प्रभाकररावांचा हात उठला.

इंदिराचे दोन्ही हात झटकन चेहऱ्यावर आले. मान खांद्यांत गेली, पाठ वाकली, ती स्टुलावरून अर्धी खाली घसरली. डोळे घट्ट मिटलेले. तिनं वाट पाहिली.

काही झालं नाही. तिनं डोळे उघडले. हात अजून हवेतच होता, चाचपडत, बोटं पसरलेली, पलंगाशेजारच्या लोखंडी स्टँडवरचा पाण्याचा पेला शोधत. डॉक्टर तिच्याकडंच पाहत होते आणि त्यांनी नजर वळवली नाही.

ती उठली. पदर सारखा केला. पेला उचलून तिनं प्रभाकररावांच्या बोटांत दिला, बोटं त्याभोवती मिटेपर्यंत धरून ठेवला, आणि मग सोडला.

"लिहा," ती म्हणाली.